अंटार्क्टिकात पोलीस नाहीत, मग नियम चालतात कसे?

रत्नागिरीच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "अंटार्क्टिका कुठल्याच देशाचा नाही. तिथे ना पोलीस, ना कोर्ट. मग 'विज्ञानावर आधारलेल्या धोरणा'ने तिथल्या पेंग्विनचं आणि क्रिलचं रक्षण होतं म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? २०४८ मध्ये करार संपून खाणी सुरू होणार, असं वाचलं, ते खरं का? आणि मला याच क्षेत्रात यायचं असेल तर काय शिकू?"

मी दोन उन्हाळे अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री केंद्रावर पर्यावरणाच्या नोंदी ठेवण्याचं काम केलं. त्यानंतरची बरीच वर्षं या करारांच्या बैठकांची कागदपत्रं चाळण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी २०४८ चं निकालात काढू, कारण ही अफवा दरवर्षी नव्याने उगवते. मूळ अंटार्क्टिक करार १९५९ चा आहे आणि त्याला मुदतच नाही. खाणबंदी आली ती १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलमधून, म्हणजे या कराराला पर्यावरणासाठी जोडलेल्या पुरवणी करारातून. त्यातलं सातवं कलम जेमतेम एका वाक्याचं आहे: संशोधन सोडून खनिजांशी संबंधित कोणतंही काम करायला मनाई. हा प्रोटोकॉल १९९८ मध्ये लागू झाला आणि लागू झाल्यापासून ५० वर्षांनी, म्हणजे २०४८ पासून, कोणताही सल्लागार देश (म्हणजे कराराच्या निर्णयांत मताचा हक्क असलेला देश) फेरविचारासाठी परिषद बोलावण्याची मागणी करू शकतो. मागणीपुरताच हा हक्क आहे. बदल मंजूर झालाच, तरी तो लागू व्हायला १९९१ साली सल्लागार असलेल्या २६ देशांपैकी प्रत्येकाची मान्यता लागते, आणि त्या २६ मध्ये भारत आहे. शिवाय खनिजांसाठी दुसरी बंधनकारक कायदेव्यवस्था उभी राहिल्याशिवाय बंदी उठवता येत नाही. पळवाट एकच आहे: मंजूर झालेला बदल तीन वर्षांत लागू झाला नाही, तर एखादा देश प्रोटोकॉलमधून बाहेर पडण्याची नोटीस देऊ शकतो. काळजी करायचीच असेल तर तिची करा, तारखेची नको.

ही बंदी आली कशी, तेही बघण्यासारखं आहे. १९८८ पर्यंत हेच देश खाणींना *परवानगी* देणाऱ्या कराराचा मसुदा तयार करून बसले होते. १९८९ च्या जानेवारीत 'बाहिया पाराइसो' हे अर्जेंटिनाचं रसदवाहू जहाज अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ खडकावर आदळलं आणि सुमारे सहा लाख लिटर इंधन समुद्रात सांडलं. दोनच महिन्यांनी अलास्कात 'एक्सॉन वाल्डेझ' फुटलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स खाणकरारातून मागे सरले आणि दोन वर्षांत सगळ्याची दिशा उलटली. म्हणजे विज्ञानाने आधीच सांगितलेलं पटायला तेलाचा वास यावा लागला. माझा अनुभव असा, की धोरणं बहुतेकदा अशीच हलतात.

आता नियम पाळतं कोण? करारात राहून सात देशांनी तिथल्या जमिनीवरचे आपापले दावे गोठवून ठेवले आहेत. आपलं मैत्री नॉर्वेच्या दाव्यातल्या भागात आहे, आपलं दुसरं केंद्र भारती ऑस्ट्रेलियाच्या. पण तिथे जायला आपल्याला ना त्यांचा व्हिसा लागतो, ना त्यांची परवानगी. प्रत्येक देश आपल्या माणसांना आपल्याच कायद्याने बांधतो. आपल्याकडे त्यासाठी २०२२ चा भारतीय अंटार्क्टिक कायदा आहे. तिथे केलेल्या गुन्ह्याचा खटला आता इथल्या न्यायालयात चालू शकतो. त्याच्या जोडीला तपासणी. कोणत्याही सल्लागार देशाचे निरीक्षक कोणत्याही केंद्रावर कधीही येऊन कोठार, कचऱ्याची खोली, इंधनाच्या टाक्या उघडून बघू शकतात. दंड नसतो, पण अहवाल पुढच्या बैठकीत सर्वांसमोर ठेवला जातो. लग्नात सगळ्या नातेवाइकांदेखत आपल्या घरातली उणीदुणी वाचून दाखवावीत, तसं ते असतं. चालतं हे, पण लाज वाटणाऱ्यांपुरतं चालतं.

विज्ञानावर आधारलेलं धोरण म्हटलं की लोकांना वाटतं, शास्त्रज्ञांनी उत्तर शोधलं आणि सरकारांनी ते अमलात आणलं. मी जे पाहिलं ते बहुतांशी याच्या उलट होतं. ध्रुवावर उत्तर क्वचितच हातात असतं. वर्षातले थोडेच महिने जहाज पोचतं, मोजमापांना फटी असतात. म्हणून खरा प्रश्न असतो: माहिती नसताना काय करायचं, हे आधीच लिहून ठेवलंय का? चांगलं ध्रुवीय धोरण मी यावरून ओळखतो.

कुत्र्यांचं घ्या. स्लेज ओढणाऱ्या हस्की कुत्र्यांशिवाय अंटार्क्टिकाचा इतिहास पुरा होत नाही. तरी प्रोटोकॉलने १ एप्रिल १९९४ पर्यंत सगळी कुत्री बाहेर काढायला लावली. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग सीलना होऊ शकतो, ही भीती. तिथे तसा उद्रेक झाल्याचा पक्का पुरावा कुणी मागत बसलं नाही, कारण पुरावा हाती येईपर्यंत सील मेलेले असते.

निर्जंतुक न केलेली माती न्यायलाही बंदी आहे. आमच्या तुकडीतल्या एका स्वयंपाक्याला घरची तुळस न्यायची होती, लहानशी कुंडी. "साहेब, देवाची आहे" म्हणाला. त्याला समजावताना मला जड गेलं, पण त्या मूठभर मातीत किती जातींच्या बुरश्या आणि किडे असतील हे मलाही सांगता आलं नसतं, आणि मुद्दा नेमका तोच होता. त्याच यादीत पॅकिंगमधले थर्माकोलचे मणीही आहेत. आपल्याकडे गणपतीच्या मखरातलं थर्माकोल २०१८ साली बंद झालं, प्रोटोकॉलचा तो मजकूर १९९१ चा आहे.

बियांची गोष्ट त्याहून गमतीची. २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे, बॅगा, बूट व्हॅक्यूमने झाडून त्यातल्या बिया मोजल्या, तर ज्यांच्याकडे बिया सापडल्या त्यांच्याकडे माणशी सरासरी साडेनऊ निघाल्या. मी हे वाचलं आणि निघण्याआधी घरी पिशवी उलटी करून बसलो. सह्याद्रीत पावसाळा सरल्यावर फिरलेल्या कुणालाही माहीत असलेली कुसळं मोज्यांत आणि पिशवीच्या शिवणीत रुतून बसली होती. चिमट्याने एकेक काढायला दीड तास गेला. खरं तर कुसळी गवताचं बी तिथे रुजणार नाही, त्याला इथलं ऊन लागतं. धोका थंड प्रदेशातल्या बियांचा. आणि आपल्या मोहिमेच्या सदस्यांना बर्फाची सवय व्हावी म्हणून प्रशिक्षण कुठे देतात? उत्तराखंडात, औलीला, हिमालयातल्या कुरणांच्या शेजारी. तिथे वापरलेले बूट तसेच पेटीत भरले, की थंडीला सरावलेलं बी अगदी सोयीने प्रवास करतं. त्यामुळे बुटांच्या खाचा दात घासायच्या ब्रशने घासायच्या, वेल्क्रो उघडून त्यातली कुसळं एकेक करून वेचायची, खिशांचे कोपरे उलटे करायचे. काम कंटाळवाणं आहे, आणि दर तुकडीत एक जण तरी "एवढ्याशा बियांनी काय होतंय" म्हणतोच. त्याला पोलंडच्या आर्क्टोव्स्की केंद्राचं उदाहरण सांगायचं. तिथे १९८० च्या दशकात पोआ अॅन्युआ हे साधं वार्षिक गवत उगवलं. दिसणारं गवत उपटता येतं, पण मातीत पडून राहिलेलं बी पुढची कित्येक वर्षं डोकं वर काढत राहतं. अख्ख्या खंडावर मूळच्या फुलणाऱ्या वनस्पती दोनच आहेत, हे लक्षात घेतलं की तिसरीची किंमत कळते.

केंद्र बांधायचं, रस्ता करायचा, ड्रिलिंग करायचं, तर आधी पर्यावरणीय मूल्यमापन लागतं. परिणाम 'किरकोळ किंवा तात्पुरता' यापेक्षाही कमी असेल तर काम सुरू करा. तेवढाच असेल तर प्राथमिक अहवाल. त्याहून जास्त असेल तर सर्वंकष अहवाल, ज्याचा मसुदा बैठकीच्या किमान १२० दिवस आधी सर्व देशांना पाठवावा लागतो. भारती केंद्रासाठी आपण ही पायरी चढलो. ते केंद्र १३४ मालवाहू कंटेनर जोडून उभारलंय, म्हणजे उद्या काढायचं झालं तर सुटं करता येईल. गंमत अशी, की 'किरकोळ किंवा तात्पुरता' म्हणजे किती, याची व्याख्या प्रोटोकॉलमध्ये कुठेच नाही. आणि बाकीच्या देशांना फक्त मत मांडता येतं, नकाराधिकार नसतो. एका केंद्रावर (नाव राहू दे) इंधनाचं पिंप पाझरल्याचं दिवसभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सांडलं होतं दोन बादल्यांएवढं. आम्ही खडी खणून पिंपात भरली आणि जहाजाने परत पाठवली. पुढच्या मोसमात गेलो तर त्या जागी वाकलं की डिझेलचा वास अजून येत होता. गोठलेल्या जमिनीत जंतूंचं काम फार सावकाश चालतं. नोंदवहीत ती घटना 'तात्पुरती' या रकान्यात होती. मीच भरली होती.

आता क्रिल. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

क्रिल म्हणजे बोटाएवढा, सहा सेंटिमीटरपर्यंतचा जीव. दिसायला कोळंबीसारखा, पण कुळ वेगळं. देवमासे, सील, पेंग्विन, अल्बट्रॉस सगळे त्याच्यावर जगतात. त्याचा माणसाला उपयोग ओमेगा-३ च्या कॅप्सूलसाठी आणि पाळलेल्या सामन माशांच्या खाद्यासाठी. या मासेमारीवर देखरेख ठेवणारा आयोग, कॅमलार, ऑस्ट्रेलियात होबार्टला बसतो. त्यामागचा करार १९८० चा. तो सुचायला कारणही होतं. १९६९-७० च्या मोसमात सोव्हिएत जहाजांनी साउथ जॉर्जियाभोवती नोटोथेनिया रोसी या माशाचे सुमारे चार लाख टन एका झटक्यात उपसले. साठा कोसळला आणि पुढे दशकानुदशकं सावरला नाही. म्हणून या करारात एक वाक्य आलं, जे मला आजही मासेमारीच्या कायद्यांतलं सर्वांत शहाणं वाटतं: दोन-तीन दशकांत पूर्ववत होणार नाहीत असे बदल होऊ द्यायचे नाहीत.

वाक्य शहाणं, पण टनांत किती? तिथे गणित येतं. साठ्याचं प्रारूप करून तो २० वर्षं पुढे चालवून बघतात, हजारो वेळा, दर वेळी नैसर्गिक चढउतार वेगळे धरून. दोन अटी असतात. पहिली: अंडी घालणारा साठा मूळच्या २० टक्क्यांखाली जाण्याची शक्यता १० टक्क्यांहून जास्त नको. दुसरी: २० वर्षांनंतर मध्यम अंदाजाने साठा मूळच्या ७५ टक्के उरला पाहिजे. दोन्हींतून जो आकडा लहान येईल तो घ्यायचा.

हे ७५ आलं कुठून? भक्षकांचा विचारच केला नसता तर ५० टक्के चाललं असतं. भक्षकांना पूर्ण अभय द्यायचं तर १००, म्हणजे मासेमारीच नको. मधला आकडा ७५. इतकं सरळ. कुठल्याही पेंग्विनला विचारून तो काढलेला नाही, तो निवाडा आहे, आणि निवाडा आहे हे उघडपणे लिहिलेलं आहे. विद्यार्थ्यांना मी नेहमी हीच जागा दाखवतो. विज्ञान कुठे संपलं आणि माणसांनी कुठे ठरवलं, ती शिवण इथे दिसते. ज्या धोरणात ती लपवलेली असते, तिथे मला शंका येते.

२००० साली चार देशांच्या जहाजांनी ध्वनिलहरींनी दक्षिण अटलांटिककडच्या भागातलं, म्हणजे क्षेत्र ४८ मधलं, क्रिल मोजलं. पुढे सुधारलेल्या हिशेबात ते सुमारे ६ कोटी टन भरलं. वरच्या अटी लावल्या की त्याच्या ९.३ टक्के, म्हणजे वर्षाला ५६ लाख १० हजार टन काढता येतील असं गणित सांगतं. पण प्रत्यक्ष मर्यादा आहे ६ लाख २० हजार टनांची. एवढी तफावत का? कारण आयोगाने म्हटलं, एवढं मोठं क्रिल कुठल्या कोपऱ्यातून काढायचं हे लहान लहान भागांत वाटून देता येत नाही, तोवर या आकड्यापाशी थांबा. आणि ६ लाख २० हजार हा आकडा? पूर्वी वेगवेगळ्या उपक्षेत्रांत झालेल्या सर्वाधिक मासेमारीची बेरीज. म्हणजे सगळ्या प्रारूपांनंतर जहाजं अडवली ती जुन्या वहीतल्या एका बेरजेने. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नेमकं माहीत नसताना जिथवर पूर्वी गेलो तिथेच थांबणं हेही एक धोरणच आहे.

पण वाटणी महत्त्वाची, कारण पिल्लं वाढवणारा पेंग्विन घरट्यापासून काही दहा किलोमीटरच लांब जाऊ शकतो. समुद्रभर कोट्यवधी टन क्रिल असून त्याला उपयोग नाही. त्याच्या वसाहतीसमोरचं जहाजाने नेलं की त्याचं ताट रिकामं. म्हणून २००९ पासून एक नियम होता: द्वीपकल्पालगतच्या उपक्षेत्रातून १ लाख ५५ हजार टनांच्या वर नको, बाकीचं इतरत्र. हा नियम ठरावीक मुदतीने नवा करावा लागे. २०२४ च्या बैठकीत तो नवा करण्यावर एकमत झालं नाही आणि तो गळून पडला. पुढच्याच मोसमात, २०२५ मध्ये, जहाजं सोयीच्या जागी गोळा झाली, पहिल्यांदाच पूर्ण ६ लाख २० हजारांची मर्यादा गाठली गेली आणि ऑगस्टमध्येच मासेमारी बंद करावी लागली. बाहेरची भिंत टिकली, आतली पडली.

हे असं झालं ते सर्वसहमतीमुळे. कॅमलारमध्ये २७ सदस्य आहेत आणि एकाने मान हलवली नाही तर ठराव पुढे जात नाही. रॉस समुद्राचं १५ लाख ५० हजार चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र २०१६ मध्ये मंजूर झालं, पण त्याआधी वर्षानुवर्षं अडलं होतं, आणि मंजुरीची किंमत म्हणून त्याला ३५ वर्षांची मुदत लावावी लागली. पूर्व अंटार्क्टिकाचा प्रस्ताव २०१२ पासून टेबलावर आहे. भारताने २०२१ मध्ये त्याला पाठिंबा दिला, तरी रशिया आणि चीनच्या आक्षेपांपुढे तो सरकत नाही. आक्षेपाचे शब्द बहुतेकदा विज्ञानाचेच असतात: "पुरेसा विदा नाही, आणखी अभ्यास हवा." वाक्य खोटं नसतं. पण मासेमारी थांबवण्यासाठी तेच वाक्य कधी वापरलेलं मी ऐकलेलं नाही. सम्राट पेंग्विनला विशेष संरक्षित प्रजातीचा दर्जा देण्याचा प्रस्तावही अंटार्क्टिक कराराच्या २०२२ च्या बर्लिन बैठकीत चीनच्या हरकतीवर अडला. त्याच वर्षाच्या अखेरीस बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फ पिल्लांना पोहण्याजोगी पिसं येण्याआधीच फुटला आणि उपग्रहातून पाहिलेल्या पाचपैकी चार वसाहतींतली पिल्लं वाचली नाहीत. बर्फावरचे विष्ठेचे तपकिरी डाग नाहीसे झाले, त्यावरून हे कळलं. अर्थात बर्फ वितळण्याचं कारण होबार्टच्या अखत्यारीत नाही. तो वेगळा करार, वेगळं भांडण.

मग हे सगळं व्यर्थ आहे का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण अल्बट्रॉस.

टूथफिश नावाचा मासा पकडायला जहाजामागे काही किलोमीटर लांबीची दोरी सोडतात, तिला हजारो गळ, प्रत्येकाला आमिष. दोरी बुडायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पक्षी झडप घालतो, गळ चोचीत अडकतो आणि दोरीबरोबर तोही खाली जातो. १९९० च्या दशकात साउथ जॉर्जियाभोवती हजारो पक्षी असे मरत होते. भटका अल्बट्रॉस दोन वर्षांत एक अंडं घालतो, त्याला हा हिशेब परवडणारा नाही. उपाय कोणी प्रयोगशाळेत शोधले नाहीत. निरीक्षक जहाजांवर बसून बघत राहिले. दोरीला वजन लावा म्हणजे ती लवकर बुडते. रात्री सोडा, कारण बरेच पक्षी उजेडात खातात. मागे उंच काठीवरून रंगीत फिती लोंबत ठेवा, पक्षी बिचकतात. दोरी सोडताना माशांची आतडी समुद्रात फेकू नका. आणि घरट्यांच्या मोसमात, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, मासेमारी बंद. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात त्या माशांच्या पैदाशीसाठी, तिथे पक्ष्यांसाठी. प्रत्येक जहाजावर निरीक्षक सक्तीचा झाला. दहा-पंधरा वर्षांत परवानाधारक जहाजांवरचे मृत्यू जवळपास शून्यावर आले. मासेमारी बंद पडली नाही, मच्छीमार देशोधडीला लागले नाहीत. तरीही भटके अल्बट्रॉस कमीच होत आहेत, कारण ते उडत जातात त्या बाकीच्या महासागरांत हे नियम नाहीत किंवा पाळले जात नाहीत.

पर्यटनाबद्दल एवढंच: २०२३-२४ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास माणसं गेली. एका वेळी एका जागी १०० हून जास्त उतरायची नाहीत, ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कुणालाच उतरवायचं नाही, हे नियम आहेत. एकूण संख्येला मात्र मर्यादा नाही. २०२४ च्या मे महिन्यात कोचीला झालेल्या बैठकीत पर्यटनाच्या सर्वंकष चौकटीचं बोलणं सुरू झालं. बघू.

तुम्ही उत्तर ध्रुवाबद्दल विचारलं नाहीत, पण एक नमुना माहीत असावा. मध्य आर्क्टिक महासागरात बर्फ हटतोय, पण व्यापारी मासेमारी अजून सुरूच झालेली नाही. तरी २०१८ मध्ये नऊ देश आणि युरोपीय संघ यांनी सह्या केल्या: आधी सगळे मिळून अभ्यास, तोवर किमान १६ वर्षं जाळं टाकायचं नाही. २०२१ पासून हे लागू आहे. जहाजं पोचायच्या आधी नियम पोचल्याचं असं उदाहरण मला दुसरं चटकन आठवत नाही.

राहिलं काय शिकायचं. पेंग्विनवर प्रेम असणं पुरत नाही. संख्याशास्त्र शिका, तेही हाताने. वरची क्रिलची २० टक्के आणि ७५ टक्क्यांची अट साध्या प्रारूपावर संगणकात स्वतः चालवून बघा, नैसर्गिक चढउतार वाढवा आणि आकडा कसा कोसळतो ते पाहा. कॅमलारच्या शास्त्रीय समितीचे अहवाल खुले आहेत. एका वर्षाचा अहवाल घ्या आणि 'एकमत झालं नाही' हे शब्द आले की त्याच्या वरचे दोन परिच्छेद नीट वाचा, खरी गोष्ट तिथे असते. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, मोहिमेसाठीचे प्रकल्प-प्रस्ताव तिथून मागवले जातात. रत्नागिरीहून ते फार लांब नाही. तुम्ही समुद्रकाठी वाढलात, म्हणून अजून एक: मिरकरवाड्याच्या बंदरावर पहाटे चार दिवस जाऊन जाळ्यात नको असलेलं काय काय येतं ते मोजा, तक्ता करा. जहाजावरच्या निरीक्षकाचं काम साधारण तसंच असतं, फक्त तिथे बोटं जास्त गारठतात.